बेलवलकरांची वाटणी
‘नटसम्राट’ चित्रपटाची प्रस्तावना, जालन्याच्या प्रेक्षकासाठी

१ जानेवारी २०१६ रोजी नाना पाटेकर पासष्ट वर्षांचे झाले आणि त्याच शुक्रवारी महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘नटसम्राट’ महाराष्ट्रभर प्रदर्शित झाला. मराठवाड्यात ते दिवस सिनेमाचे नव्हते. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. विहिरी हिवाळ्यातच तळाला लागल्या होत्या आणि नानांचं नाव गावोगावी निघत होतं ते पडद्यामुळे नव्हे, तर मकरंद अनासपुरे यांच्यासोबत त्यांनी २०१५मध्ये उभ्या केलेल्या ‘नाम’ फाउंडेशनमुळे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांना मदत देताना लोकांनी त्यांना टीव्हीवर पाहिलं होतं. काही महिन्यांतच तोच माणूस गणपतराव ऊर्फ आप्पा बेलवलकर होऊन पडद्यावर उभा राहिला: घर, पैसा, मान सगळं असलेला, आणि सगळं आपल्या हाताने देऊन टाकणारा म्हातारा.

शेक्सपिअरची पल्लेदार भाषणं तोंडपाठ असलेल्या निवृत्त नटाची गोष्ट भोकरदन, मंठा किंवा घनसावंगीच्या प्रेक्षकाने आपली का मानावी, असा प्रश्न पडू शकतो. त्याचं उत्तर रंगभूमीच्या इतिहासात शोधायला गेलं तर हाती अर्धंच लागतं. उरलेलं अर्धं तलाठ्याच्या दप्तरात आहे.

आधी इतिहास. वि. वा. शिरवाडकरांनी ‘किंग लिअर’चं रूपांतर करावं असा ज्येष्ठ नट नानासाहेब फाटकांचा आग्रह होता. शेक्सपिअर शिरवाडकरांना नवा नव्हता. ‘मॅकबेथ’वरून त्यांनी ‘राजमुकुट’ आधीच लिहिलं होतं. पण लिअरला हात घातल्यावर त्यांच्या हातून रूपांतर झालं नाही, दुसरंच नाटक झालं. राजाच्या जागी नट आला आणि राज्याच्या जागी आयुष्यभराची कमाई. २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत बिर्ला मातोश्री सभागृहात गोवा हिंदू असोसिएशनने ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, आप्पा बेलवलकर डॉ. श्रीराम लागू आणि आप्पांची बायको कावेरी शांता जोग. लागू तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकीवर पाणी सोडून पूर्णवेळ नाटकात उतरल्याला त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. पुढे सतीश दुभाषी, दत्ता भट, यशवंत दत्त अशा अनेकांनी बेलवलकर उभा केला. मराठीत नटाची उंची मोजायची पट्टी म्हणजे ही भूमिका, असा शिरस्ताच पडून गेला. १९७४ साली नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पहिल्या प्रयोगाला बसलेल्या प्रेक्षकाला कुठलं युग संपलंय ते सांगावं लागत नव्हतं. त्याने नानासाहेब फाटकांना रंगमंचावर पाहिलं होतं, निदान बापाच्या तोंडून ऐकलं होतं. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट सुरू झाला आणि नाटक कंपन्यांच्या तिकीटबाऱ्या ओस पडू लागल्या. मखमली पडदे, बिऱ्हाडं, आचारी, साथीदार असा सगळा लवाजमा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कंपन्या एकामागून एक बसल्या. बालगंधर्वांनी स्वतः बोलपटाचा रस्ता धरून पाहिला. प्रभातशी करार केला, १९३५च्या ‘धर्मात्मा’त एकनाथांची भूमिका केली आणि मग पुन्हा रंगमंचाकडे परतले. ज्यांच्या नाटकांसाठी रात्र रात्र गर्दी जागायची, त्यांना उतारवयात कर्ज, आजार आणि रिकाम्या खुर्च्या पाहाव्या लागल्या. १९६४ साली पद्मभूषण मिळालं. १९६७ साली ते गेले. त्यानंतर साडेतीन वर्षांत ‘नटसम्राट’ आलं. बेलवलकर म्हणजे बालगंधर्व नव्हेत. पण तो म्हातारा काल्पनिक आहे, असं १९७०च्या प्रेक्षकाला वाटण्याचं काही कारण नव्हतं.

बोलपटाने नाटकाचं जे केलं, तेच सिनेमाच्या दुनियेने आपल्या माणसांचंही केलं. १९५१च्या ‘अलबेला’ने भगवानदादांना जुहूला बंगला दिला, दारात मोटारींची रांग दिली, नंतरचे चित्रपट पडले तसं ते सगळं विकलं गेलं आणि २००२ साली दादरच्या चाळीत त्यांचा शेवट झाला. २०१६मध्येच त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा चित्रपट आला. मंगेश देसाईंनी दादांची अंगलट आणि नाच हुबेहूब उचलला, पण तो चित्रपट वैभवाच्या दिवसांत रमतो. बेलवलकरांच्या गोष्टीचं बळ तिच्या सुरुवातीतच आहे: ती जिथून सुरू होते तिथे वैभवाचा शेवटचा दिवस आहे. सत्कार, हारतुरे, भाषण, आणि मग उतार.

चित्रपट करताना मांजरेकरांपुढची अडचण वेगळीच होती. नाटक कंपन्यांचा काळ संपून तोवर ऐंशी वर्षं होत आली होती. आजच्या शहरात राहणाऱ्या, साठी-सत्तरीतल्या आप्पांचं युग नेमकं कोणतं? पटकथा याचं स्पष्ट उत्तर देत नाही. आप्पा थोर नट होते, एवढंच मान्य करून पुढे जायचं. जाणकारांनी या जागी नाक मुरडलं तर त्यांचं फारसं चुकलं असं म्हणता येणार नाही. मात्र या पोकळीवर चित्रपटाने एक इलाज काढला आणि तो त्यातला सर्वांत चांगला भाग ठरला. मूळ नाटकात नसलेला एक मित्र, आप्पांचा जोडीदार आणि प्रतिस्पर्धी नट रामभाऊ, इथे येतो. विक्रम गोखले त्या भूमिकेत आहेत. आप्पा खरंच काय होते हे सांगणारा त्या युगातला आणखी एक माणूस जिवंत आहे, एवढ्यानेच प्रेक्षकाचा विश्वास बसतो. इस्पितळाच्या खाटेवरचा रामभाऊ आणि समोरचा आप्पा कर्ण-कृष्णाचा संवाद म्हणतात. त्यात अभिनयाची जुगलबंदी आहेच, पण मरणाच्या दारातही एकमेकांची परीक्षा घेणारी दोन माणसं त्याहून मोठी वाटतात. गोखले २०२२च्या नोव्हेंबरमध्ये गेले. आता तो प्रसंग बघताना ही गोष्टही मनात असतेच.

एरवी हा चित्रपट थोडा कर्कश आहे, हे सांगून टाकलेलं बरं. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज कॅमेऱ्याने चेहऱ्याजवळ जाऊन टिपला की अंगावर येतो. पार्श्वसंगीत तर प्रेक्षकाला रडायला वेळच देत नाही. त्याच्या आधी तेच रडतं. नाना गप्प बसतात, चहाचा कप हातात धरून नुसते बघत राहतात, तिथे ते जास्त मोठे दिसतात. लोकांनी मात्र हा चित्रपट डोक्यावर घेतला. तोवरच्या मराठी चित्रपटांतली सर्वाधिक कमाई ‘नटसम्राट’च्या नावावर लागली आणि चार महिन्यांत ‘सैराट’ने तो विक्रम मोडला. एकाच वर्षात महाराष्ट्राने म्हाताऱ्या बापासाठी आणि बापाला न जुमानणाऱ्या पोरांसाठी सारख्याच रांगा लावल्या. यात विसंगती शोधण्याचं कारण नाही, घराघरात दोन्ही माणसं असतात.

आता दप्तर. सत्कारानंतर आप्पा घर आणि पैसाअडका मुला-मुलीच्या नावावर करून टाकतात. कुणी मागितलेलं नसतं. कसली अट नाही, स्वतःसाठी काही राखून ठेवणं नाही. कावेरी सावध करते. ताट देण्यात आणि पाट देण्यात काय फरक आहे, हे या बाईला कळतं. आप्पांना ते कळत नाही असं नाही, ते त्यांच्या तोऱ्यात बसत नाही. पुढचा सगळा उतार इथूनच सुरू होतो. मुलाच्या घरी नातीवरून खटका उडतो. मुलीच्या घरी पैशांच्या चोरीचा आळ येतो. कुणाला न सांगता निघून जाणं, वाटेत कावेरीचा मृत्यू, मग फुटपाथ. नाटकाची दुनिया यात पार्श्वभूमीला आहे. ज्या गाडीने आप्पा खाली येतात तिची चाकं बक्षीसपत्राची आहेत.

जालना जिल्ह्यात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. खातेफोड, वाटणीपत्र, फेरफार, हक्कसोडपत्र हे शब्द इथे लहान पोरांच्याही कानावरून गेलेले असतात. वावर पोरांच्या नावावर करायचं की नाही, केलं तर सगळं की दोन एकर स्वतःला ठेवून, यावर पारावर तास तास बोलणं होतं. सगळं देऊन बसलेल्या म्हाताऱ्याचं उदाहरण प्रत्येक गावाकडे असतं आणि ते नाव न घेता सांगितलं जातं. अनेक घरांत आई-बापाचीही वाटणी होते: आई थोरल्याकडे, बाप धाकट्याकडे, किंवा महिने ठरलेले. आप्पा आणि कावेरी निदान तिच्या शेवटापर्यंत एकत्र राहिले.

लिअर या बाबतीत आप्पांपेक्षा व्यवहारी होता. राज्य देताना त्याने अट घातली होती: शंभर स्वार आपल्या दिमतीला राहतील आणि महिना महिना आळीपाळीने मुलींकडे मुक्काम होईल. मुलींनी आधी मोडली ती हीच अट. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, आणि मग एक तरी कशाला हवा, इथपर्यंत घासाघीस येते. शेक्सपिअरने बापाचा अधिकार कसा उतरतो ते आकड्यांत दाखवलं. शिरवाडकरांनी ती अटच काढून टाकली. त्यामुळे मराठीतला म्हातारा जास्त उदार झाला आणि जास्त उघडाही पडला.

एक गोष्ट त्यांच्या उदारपणात सहज नजरेआड होते. १९७०च्या नाटकात बाप मुलीलाही देतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली आणि देशाने २००५ साली. बेलवलकर कायद्याच्या चोवीस वर्षं पुढे होते. गावाकडे आजही बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची पद्धत आहे आणि बहुतेक बहिणी माहेर तुटू नये म्हणून त्या करतात. अशा घरातल्या बाईने हा चित्रपट पाहिला, तर वाटा घेऊन बापावर आळ येऊ देणारी मुलगी तिला कशी दिसत असेल, हा प्रश्न चित्रपटाच्या परीक्षणांत फारसा कुणी विचारला नाही.

चित्रपट तयार होत होता त्याच २०१५ साली राज्य सरकारने नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांच्या नावे होणाऱ्या राहत्या घराच्या आणि शेतजमिनीच्या बक्षीसपत्रावरचं मुद्रांक शुल्क २०० रुपयांवर आणलं. देणं स्वस्त झालं. परत घेणं मात्र अवघडच आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या तेविसाव्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट पाळली गेली नाही तर परत मिळू शकते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. कळीचा शब्द अर्थातच अट. ती कागदावर लिहिलेलीच असली पाहिजे का, यावरून निकाल अडकत. मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी सांगितलं, की हा कायदा वृद्धांच्या हितासाठी आहे, तर त्याचा अर्थही उदारपणेच लावला पाहिजे. आप्पांनी मात्र या कायद्याचा दरवाजा ठोठावला नसता, हे चित्रपट बघणाऱ्याला पहिल्या अर्ध्या तासातच कळतं. पोटच्या पोरांविरुद्ध अर्ज लिहिणारा बेलवलकर लागूंनीही रंगवला नसता आणि नानांनीही.

जालन्याचं युग म्हणावं तर कोणतं? ‘जालना सोने का पालना’ ही म्हण बाजारपेठेच्या भरभराटीची. पहिलं मोठं युग इथे तारीख लावून संपलं: १७ सप्टेंबर १९४८, निजामाची राजवट. पुढच्याच वर्षी हैदराबाद राज्यातल्या जहागिऱ्या खालसा झाल्या. अशाच एका बुडत्या जमीनदाराची गोष्ट सत्यजित राय यांनी १९५८च्या ‘जलसाघर’मध्ये सांगितली. छबी विश्वास यांचा जमीनदार शेजारच्या नवश्रीमंत सावकाराला खाली पाहायला लावण्यासाठी तिजोरीतलं शेवटचं नाणं गाण्याच्या मैफलीवर उधळतो. त्याचं युग बाहेरून संपवलं गेलंय. नदीने जमीन खाल्लीय, काळाने रुबाब. बेलवलकरांवर असं कुणी चाल करून आलेलं नाही. हा फरक लहान नाही. जमीनदाराची कीव करताना प्रेक्षक सुरक्षित अंतरावर बसलेला असतो. बेलवलकरांच्या बाबतीत ती सोय नाही, कारण त्यांनी केलं ते कुणीही माया असलेला बाप उद्या सकाळी करू शकतो.

अलीकडच्या जालन्यात अंत पाहिला तो बागांनी. २०१२-१३च्या दुष्काळात हा जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी होता. शहराला पाणी पाजणारा निजामकाळातला घाणेवाडी तलाव कोरडा पडला आणि बदनापूर, अंबड, घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागा वाळू लागल्या. मोसंबीचं झाड धरायलाच पाच-सहा वर्षं घेतं, मग दोन दशकं पोसतं. ते लावणारा बहुधा बाप असतो आणि तोडायची वेळ मुलावर येते. टँकर विकत घेऊन खोडं जगवायची की सरपण करायचं, यावर घराघरात वाद झाले. बागेला ताण कधी द्यायचा, आंबे बहार धरायचा की मृग, हे आयुष्यभर ज्याला विचारलं जायचं तो म्हातारा बाग गेल्यावर नुसता घरातला एक माणूस उरला. आप्पांचं तसंच आहे. भूमिका गेली, घर गेलं, त्यामागोमाग सल्ला मागायला येणारी माणसंही गेली. २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तोडलेल्या कितीतरी बागांच्या जागी कपाशी उभी होती.

त्याच सुमारास समृद्धी महामार्गाची मोजणी सुरू झाली. थेट खरेदीने जमिनी घेतल्या गेल्या, मोबदला खात्यावर आला आणि ज्या वाटण्या दहा वर्षांनी झाल्या असत्या त्या दोन महिन्यांत करणं भाग पडलं. सातबारा बापाच्या नावावर, पैसा मात्र बँकेत आणि पोरं भोवती. डिसेंबर २०२२मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि तो जालन्यावरूनच जातो. या पट्ट्यातल्या घरांची गोष्ट अजून कुणी पडद्यावर आणलेली नाही. आणली तर तिच्यात खलनायक शोधायचा मोह टाळावा लागेल. मांजरेकरांना तो अर्धाच टाळता आला. सून आणि जावई यांची बाजू संवादांत येते, संवादलेखक किरण यज्ञोपवीत यांनी ती प्रामाणिकपणे लिहिलीही आहे, पण कॅमेरा त्यांच्याकडे कधी आपलेपणाने बघत नाही. वास्तविक सुनेचं म्हणणं साधं आहे: घरात लहान मूल आहे आणि सासऱ्यांच्या तोंडाला लगाम नाही. याला दुष्टपणा म्हणत नाहीत. जपानच्या यासुजिरो ओझूंनी १९५३च्या ‘टोकियो स्टोरी’त आई-बापांना कंटाळलेली मुलं अशी दाखवली, की त्यांचा राग येण्याआधी आपलीच आठवण येते. ‘नटसम्राट’ त्या उंचीला जात नाही. ‘बागबान’च्या खूप वर मात्र आहे. त्यात बाप शेवटी जिंकतो आणि माफी न देता टाळ्या घेऊन निघून जातो. इथे आप्पांना जिंकायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

चित्रपट बघताना एका व्यक्तीवर मुद्दाम लक्ष ठेवावं: मेधा मांजरेकर यांची कावेरी. पोस्टरवर, चर्चेत, भाषणांत सगळीकडे आप्पा आहेत आणि युगही त्यांचंच संपतं. कावेरीचंही काही संपत असतं, पण तिच्यासाठी स्वगत लिहिलेलं नाही. ती सल्ला देते, तो ऐकला जात नाही आणि न ऐकल्याचा सगळा भार आधी तीच सोसून जाते. देण्यासारखं तिच्या नावावर काहीच नव्हतं, म्हणून अडवण्याचा अधिकारही नव्हता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने याच दुखण्यावर ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली होती. शेतकऱ्याने आपणहून बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावावं, हा तिचा आग्रह. मराठवाडा-विदर्भातल्या कितीतरी गावांनी तो मनावर घेतला आणि १९९२ साली सरकारने तसं परिपत्रकही काढलं. ही सोय शेतजमिनीची. शहरातलं घर दोघांच्या नावे करायला तर कधीच आडकाठी नव्हती. बेलवलकरांच्या घराच्या कागदावर कावेरीचं नाव असतं, तर आप्पांच्या एकट्याच्या सहीने ते घर गेलं नसतं. शिरवाडकरांनी नाटक लिहिलं तेव्हा असं परिपत्रक यायला बावीस वर्षं होती. मांजरेकरांनी चित्रपट केला तेव्हा ते निघून तेवीस वर्षं झाली होती, आणि पडद्यावरच्या त्या घरात ते पोचलेलं दिसत नाही.